ब्लूग्रास मँडोलिन: स्वर बरोबर येतात, पण बाज येत नाही. शिकण्याचा क्रम काय असावा?

लयशोधक (प्रश्न)

नमस्कार. मी अनेक वर्षे व्हायोलिन वाजवत आलो असल्यामुळे मँडोलिनकडे वळताना डाव्या हाताला फारसे नवे काही शिकावे लागले नाही. दोन्ही वाद्ये खर्जाकडून जी, डी, ए, ई अशीच जुळवलेली असतात (मँडोलिनवर प्रत्येक सुराला दोन तारांची जोडी) आणि बोटांना जागा आधीच ठाऊक असतात. मला शिकायचा आहे तो अमेरिकन मँडोलिनवादक बिल मन्रो यांच्या परंपरेतला, ब्लूग्रास या तिथल्या तारवाद्यांच्या लोकधाटणीच्या संगीताचा जुना बाज. 'ओल्ड जो क्लार्क' आणि आणखी काही पारंपरिक फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) धुना मी टॅब (तार आणि पडदा दाखवणारी लिपी) पाहून बसवल्या आहेत. त्यांत स्वर चुकत नाहीत, लयही सुटत नाही, तरीही ध्वनिमुद्रण करून ऐकले की ते व्हायोलिनवरचेच वादन नखीने केल्यासारखे वाटते आणि ब्लूग्रासचा जोर त्यात कुठेच जाणवत नाही.

माझा चॉप (मात्रेवर अनेक तारा एकदम छेडून लगेच तोडलेला आघात) एकतर घुमत राहतो किंवा त्यातून नुसता बिनसुराचा 'ठक्' असा आवाज येतो. नखीच्या आघातांबद्दल तर परस्परविरोधी सल्ले मिळतात: कोणी सांगते की सगळे आघात खालच्या दिशेने हवेत, कोणी म्हणते की एक खाली, एक वर असा क्रम कधीही मोडू नये. शिवाय लय वाढवली की उजवा हात कोपरापर्यंत ताठ होतो. जाणकारांनी कृपया सांगावे की यांतले आधी काय सोडवायचे आणि कसे.

आठतारी

आधी चॉप सोडवा. बाज न येण्याचे मुख्य कारण मला तिथेच दिसते, कारण तुम्ही सुरावटीपासून सुरुवात केली आहे आणि हे वाद्य या संगीतात आधी ठेक्याचे आहे. मन्रो यांच्या १९४६-४७ सालच्या संचात मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि उभा बास एवढीच वाद्ये होती. ढोल नाही, झांज नाही. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी बास देतो, दुसरी आणि चौथी मँडोलिन देते, आणि या दोघांच्या मधल्या ताणावर बाकीचे सगळे चालते. मँडोलिनवादक गाण्याचा बहुतेक वेळ चॉपच करत असतो. एकल वादन त्याच्या वाट्याला थोडेच येते. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेची जाणीव अंगात मुरली नसेल, तर सुरावट कितीही शुद्ध वाजवली तरी तिच्यात हा जोर उतरत नाही.

आता प्रत्यक्ष हाताबद्दल. जी कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह) रूढ चॉप असा असतो: जी तारेवर सातव्या पडद्यावर करंगळी, डी तारेवर पाचव्या पडद्यावर अनामिका, ए तारेवर दुसऱ्या पडद्यावर तर्जनी आणि ई तारेवर तिसऱ्या पडद्यावर मधले बोट. यात एकही तार मोकळी नाही, आणि हेच महत्त्वाचे आहे, कारण तारेचा आवाज थांबवण्याचे काम डाव्या हाताची बोटे करतात आणि ज्या तारेवर बोटच नाही ती थांबवता येत नाही. आघाताच्या क्षणी बोटांचा दाब पूर्ण असला पाहिजे आणि लगेच तो सैल झाला पाहिजे. मात्र बोटे तारांवरून उचलायची नाहीत, ती तारांना टेकलेलीच राहतात. तुमचा आवाज घुमत असेल तर दाब उशिरा सुटतो आहे किंवा एखादी मोकळी तार वाजते आहे. नुसता 'ठक्' येत असेल तर आघात होण्याआधीच दाब गेलेला आहे, किंवा मुळात तो पुरेसा नव्हता.

म्हणून चॉपचा अभ्यास आखूड आवाजापासून सुरू करू नये असे माझे ठाम मत आहे. कॉर्ड पूर्ण वाजू द्या, आठही तारा स्वच्छ बोलतात याची खात्री करून घ्या, मग आवाज अर्ध्या मात्रेवर तोडा, त्यानंतर पाव मात्रेवर, आणि शेवटी इतका आखूड करा की स्वर ओळखू येतो तोवरच तो संपलेला असतो. चांगल्या चॉपमध्ये कॉर्ड ऐकू येते, आणि जी आहे की सी हे डोळे मिटूनही सांगता येते.

व्हायोलिनची सवय असलेल्या बोटांनाही जीच्या या आकाराचा ताण जाणवतो. तोच आकार दोन पडदे वर नेला की ए मिळते, आणखी दोन वर नेला की बी. तिथे पडदे जवळजवळ असल्यामुळे हात सहज बसतो. आकार आधी वर पक्का करावा आणि मग एकेक पडदा खाली आणत जीपर्यंत यावे. दुसरी सोय अशी की तारा पंचमाच्या अंतराने लावलेल्या असल्यामुळे जीच्या आकारातली पाच, दोन, तीन ही वरच्या तीन तारांवरची बोटे जशीच्या तशी एक तार खर्जाकडे सरकवली की सी कॉर्ड होते, आणि तीच दोन पडदे वर नेली की डी. जी पट्टीतल्या असंख्य गाण्यांना एवढ्या तीन कॉर्ड पुरतात. सी आणि डीमध्ये ई तार मोकळी राहते, म्हणून तिथे नखी तिच्या अलीकडेच थांबवा किंवा तर्जनीच्या कडेने ती तार दाबून ठेवा.

मेट्रोनोम वापरताना त्याचा ठोका पहिल्या मात्रेवर घेऊ नका. धून मिनिटाला १६० मात्रांची असेल तर मेट्रोनोम ८० वर ठेवा आणि प्रत्येक ठोका दुसरी किंवा चौथी मात्रा आहे असे धरून वाजवा. सुरुवातीला ठोका उलटून पहिल्या मात्रेवर येतो, आणि तो उलटू न देणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

केंटकीचा श्रोता

आठतारी यांनी चॉपबद्दल लिहिलेल्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. मी आघातांच्या दिशेबद्दल लिहितो, कारण मन्रो यांच्या वादनाचा स्वभाव तिथे कळतो.

बिल मन्रो १९११ साली केंटकी राज्यातल्या रोझीन इथे जन्मले. आईवडील लवकर गेल्यावर ते काही काळ आपले मामा पेंडल्टन व्हँडिव्हर यांच्याकडे राहिले आणि नृत्याच्या कार्यक्रमांत मामांच्या फिडलला गिटारची साथ करू लागले. त्याच भागात अर्नोल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय गिटारवादक ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची संगीतशैली) वाजवत आणि मन्रो यांनी त्यांचीही साथ केली. नाचणाऱ्या पावलांना धरून ठेवणारा फिडलचा गज आणि ब्लूजचे झुकते स्वर या दोन्हींचा संस्कार त्यांच्या मँडोलिनवर आयुष्यभर राहिला. म्हणून मध्यम लयीत ते पुष्कळदा सलग खालचेच आघात घेतात. तारांच्या जोडीवर खालचा आघात दोन्ही तारांना सारख्या वजनाने लागतो. वरचा आघात स्वभावतः हलका पडतो. सगळे आघात खाली घेतले की प्रत्येक स्वराला सारखे वजन येते आणि ओळीत एक रेटा तयार होतो, जो आळीपाळीच्या आघातांनी येत नाही. वेगवान धुनांमध्ये मात्र तेही वरचे आघात वापरतात, त्यामुळे 'फक्त खालीच' हा नियम त्यांच्या नावावर खपवणे योग्य नाही.

ब्लूजच्या स्वरांसाठी एक छोटा तुकडा देतो, तो सावकाश करून पाहा. ए पट्टी घ्या, म्हणजे ए हा षड्ज. ए तारेवर तिसऱ्या पडद्यावर कोमल गंधार आहे आणि चौथ्यावर शुद्ध. एकाच बोटाने तिसऱ्यावरून चौथ्यावर घसरत जा आणि त्याच आघातात वरची ई तार, म्हणजे पंचम, मोकळी वाजू द्या. शुद्ध गंधारावर पोहोचण्याची घाई करू नका. दोन्हींच्या मधली जागा ऐकू आली पाहिजे. तुम्ही बसवलेल्या 'ओल्ड जो क्लार्क'मध्ये निषाद कोमल आहे, त्यामुळे हा तुकडा तिथे सहज बसतो. टॅबमध्ये या घसरणीची फार तर एक छोटी रेघ दिसते आणि तिचे वजन ऐकूनच कळते.

ऐकण्याच्या बाबतीत माझा आग्रह आहे की १९४६ आणि १९४७ सालच्या ब्लू ग्रास बॉइजच्या, म्हणजे मन्रो यांच्या संचाच्या, ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करावी. लेस्टर फ्लॅट यांची गिटार, अर्ल स्क्रग्ज यांचा बँजो, चबी वाइज यांचे फिडल आणि हॉवर्ड वॉट्स यांचा बास असा तो संच होता, आणि ज्याला आपण आज ब्लूग्रास म्हणतो त्याचा साचा त्यातच घडला. पहिल्या खेपेला मँडोलिनच्या एकल वादनाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त गायकाच्या मागे ती काय करते ते ऐका. गाण्याच्या दोन ओळींमध्ये जी छोटी जागा मिळते तिथे टाकलेले दोन-तीन स्वर आणि लगेच चॉपवर परतणे, हे जमले की पुष्कळ काही जमले. पूर्वीचे वादक तेहेतीस फेऱ्यांची तबकडी सोळावर लावून ऐकत, त्यामुळे सूर बरोबर एक सप्तक खाली येई आणि स्वर मोजता येत. आता सूर न बदलता लय कमी करणारी साधने सहज मिळतात. त्यांचा उपयोग टॅबऐवजी करावा.

बारावा पडदा

क्रमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मन्रो यांचे खालचे आघात ऐकायला जितके मोहक आहेत तितकेच ते नवशिक्याच्या मनगटाला घातक ठरू शकतात, विशेषतः हात आधीच ताठ होत असेल तेव्हा. लयशोधक यांनी आधी आळीपाळीचे आघात इतके पक्के करावेत की त्यांचा विचार करावा लागणार नाही.

नियम सोपा आहे. मात्रेवर पडणारा स्वर खालच्या आघाताने, मात्रेच्या मध्यावर पडणारा स्वर वरच्या आघाताने. मधला स्वर नसेल, तरीही हात वर जातोच, फक्त नखी तारेला लागत नाही. हा न वाजलेला आघातच लय धरून ठेवतो. व्हायोलिनवादकाला हे अवघड जाते, कारण गजाची दिशा तो वाक्याप्रमाणे बदलतो आणि एका गजात अनेक स्वर घेतो. मँडोलिनच्या उजव्या हाताला ती मोकळीक नाही.

ताठरपणाबद्दल सांगायचे तर हात वेगामुळे ताठ होत नाही, नखी आवळून धरल्यामुळे होतो. नखी सुटून पडेल की काय अशी शंका यावी इतकी सैल धरून एकाच मोकळ्या तारेवर वाजवून पाहा. नखीचे टोक तारेच्या खाली जेमतेम जावे. जितके खोल जाईल तितका हात अडेल. ज्या लयीत मनगट घट्ट होऊ लागते तिच्या खाली थोडे थांबा आणि तिथेच राहा. ट्रेमोलोही (स्वर लांबवण्यासाठी नखी भरभर खालीवर चालवणे) याच हालचालीतून येतो, म्हणून तो वेगळा विषय म्हणून शिकण्याची गरज मला वाटत नाही. संथ गाण्यात दोन जोड्यांवर मिळून, मात्रेला धरून मोजका ट्रेमोलो घ्यावा.

आणि परंपरा एका माणसावर संपत नाही. बॉबी ऑस्बोर्न यांनी फिडलची धून स्वरास स्वर मँडोलिनवर आणली, तर जेसी मॅक्रेनल्ड्स यांनी बँजोच्या रोलसारखी तीन तारांवर फिरणारी क्रॉसपिकिंगची पद्धत घडवली. तुमच्यासारख्या व्हायोलिनवादकाला ऑस्बोर्न यांची वाट अधिक जवळची वाटेल. मन्रो यांचे खालचे आघात त्यानंतर घ्यावेत, आणि तेव्हा माइक कॉम्प्टन यांचे वादन अवश्य ऐकावे. आजच्या काळात त्या शैलीचा इतका सखोल अभ्यास फार थोड्यांनी केला आहे.

लयशोधक

तिघांचेही मनापासून आभार. चॉप आधी पूर्ण वाजू देऊन मग आखूड करण्याचा उपाय कालपासून करतो आहे आणि 'ठक्' कमी झाला आहे. वरच्या ए आणि बीमध्ये तर स्वर स्पष्ट ऐकू येतो. एक प्रश्न उरतो. माझे वाद्य लंबगोल छिद्राचे आहे आणि त्याचा आवाज थांबवल्यावरही किंचित रेंगाळतो. यासाठी वळणदार शिंग असलेले एफ पद्धतीचे वाद्य घ्यावेच लागेल का?

आठतारी

शिंगासाठी पैसे घालण्याची गरज नाही. मन्रो यांचे वाद्य गिब्सन कंपनीचे एफ-५ होते, लॉइड लोर यांनी ९ जुलै १९२३ रोजी स्वाक्षरी केलेले, आणि त्यामुळे तो आकार ब्लूग्रासची ओळख बनला. पण चॉपच्या कोरड्या, टोकदार आवाजाला कारणीभूत आहेत ती व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रे आणि पोटाची घडण. एफ-छिद्रे असलेले साधे, बिनशिंगाचे ए पद्धतीचे वाद्य तेच काम करते आणि पुष्कळ स्वस्त पडते. लंबगोल छिद्राचा आवाज अधिक गोल आणि रेंगाळणारा असतो. त्यावर शिकता येते, फक्त दाब सोडण्याची वेळ अधिक काटेकोर ठेवावी लागते.

नवे वाद्य घेण्याआधी आहे त्याची मांडणी तपासा. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान असावी. फार खाली असेल तर जोरदार आघाताला तार पडद्यांवर खडखडते. घोडी चिकटवलेली नसते, त्यामुळे ती सरकलेली असू शकते. बाराव्या पडद्यावर तारेला हलके स्पर्श करून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर एकच आला पाहिजे. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी शेपटीकडे सरकवा, उतरता असेल तर मानेकडे. तारा बदलताना एकेक करून बदला, म्हणजे घोडी जागची हलणार नाही. फॉस्फर ब्राँझच्या, ०.०११ ते ०.०४० इंच जाडीच्या तारा या बाजासाठी सर्रास वापरतात. नखी मात्र लगेच बदलून पाहा: जाड, सुमारे दीड मिलिमीटरची, गोलसर कडांची. पातळ नखी तारेवर वाकते आणि परत येताना टकटक आवाज करते, त्यामुळे चॉप कितीही नीट दाबला तरी तो पातळच ऐकू येतो.

केंटकीचा श्रोता

एक पुरवणी. घरचा अभ्यास जमू लागला की लगेच इतरांबरोबर बसा, निदान एका गिटारवादकाबरोबर तरी. दुसरा वाजवत असताना तुमचा चॉप लय ओढतो की ढकलतो, हे एकट्याने कळत नाही. स्वतःच्या एकल वादनाची पाळी आली की चॉप थांबतो आणि ठेक्यात अचानक पोकळी पडते; ती भरण्यासाठी बँजो किंवा फिडल वाजवणाऱ्याने मागचा ठेका उचलायचा असतो, हे आधीच बोलून ठेवा. तुमची पाळी संपताना शेवटचा स्वर लांबवण्याचा मोह टाळा आणि पुढच्याच दुसऱ्या मात्रेला चॉपवर परत या.