मदत हवी आहे: सागाच्या रानाचं वृक्षछत्र कोणत्या महिन्यात मोजावं?

नमस्कार मंडळी. आमच्या गावाला (गडचिरोली जिल्हा) 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालाय. ग्रामसभेच्या आराखड्यासाठी वृक्षछत्र, म्हणजे झाडांच्या पानाफांद्यांखाली किती टक्के जमीन झाकली जाते ते, मोजायचंय. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात 70 टक्के किंवा जास्त म्हणजे अति घनदाट, 40 ते 70 मध्यम घनदाट, 10 ते 40 खुलं जंगल.

पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला तोंडाशी दोऱ्याची फुली बांधली आहे. ठरावीक पावलांवर थांबून सरळ वर पाहायचं: फुलीवर पान-फांदी आली तर ‘हो’, आभाळ दिसलं तर ‘नाही’. पोरं हे काम फार मन लावून करतात.

अडचण अशी, की मार्चात साग उघडा पडतो, मोहावरही फुलं असतात पण पानं नसतात. तेव्हा मोजलं तर चांगलं रान विरळ ठरेल, आणि ते मला अजिबात मान्य नाही. ऑक्टोबरात मोजावं तर धानकापणी तोंडावर येते. तुम्ही कधी मोजता? हेक्टरी किती नोंदी घेता?

शिवाय मोहफूल, तेंदूपत्त्याचे पैसे वहीत येतात. झाडांनी धरलेली माती, बोडीत (छोट्या तळ्यात) टिकणारं पाणी कसं मांडायचं? झाडांत साठलेल्या कार्बनच्या हिशेबासाठी जमिनीपासून 1.37 मीटरवर खोडाचा घेर घेतोय, उंचीही लागेल का? कोणाकडे नोंदवहीचा नमुना असेल तर कृपया पाठवा.