मदत हवी आहे: डबल बाससाठी तारा कुठल्या घ्याव्या आणि पिकअप-प्रीॲम्पचं काय करावं (तबला-ढोलकच्या ग्रुपमध्ये वाजवण्यासाठी)

नमस्कार मंडळी,

डबल बास वाजवणारे इथे फार नसतील याची कल्पना आहे, पण साउंडवाले नक्की आहेत आणि एखाददुसरा बासवाला निघालाच तर सोन्याहून पिवळं, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा प्लीज.

मी पुण्यात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ग्रुपमध्ये डबल बास (व्हायोलिनच्या घरातलं, उभं धरून वाजवायचं मोठं वाद्य) वाजवते. बहुतेक गाणी १९५०-६० च्या दशकातली. तबला, ढोलक, हार्मोनियम, ॲकॉर्डियन, एक व्हायोलिन, एक गिटार आणि दोन गायक. आधी ग्रुपमध्ये बास गिटार होती, वाजवणारा मुलगा चांगला होता, पण त्या गाण्यांतला बास लाकडाचा आहे हो. सी. रामचंद्रांची स्विंगच्या (अमेरिकन जॅझच्या नाचत्या चालीच्या) अंगाची गाणी आठवा, त्यांच्याबरोबर ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटसारखी गोव्याची मंडळी असायची. त्या काळच्या रेकॉर्डवर बास 'ठुम' करून येतो आणि लगेच बाजूला होऊन पुढच्या ठोक्याला जागा करून देतो. मला तो आवाज हवाय आणि स्टेजवर तोच मिळत नाहीये.

वाद्य थ्री-फोर्थ साइजचं, प्लायवूडचं. घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी फळी) नटपर्यंत (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) तारेची लांबी १०५ सेंमी. घोडीच्या पायांत उंची कमीजास्त करायची चाकं आहेत. तारा वाद्याबरोबर आलेल्याच, स्टीलच्या, कंपनी माहीत नाही. पिकअप म्हणजे घोडीच्या पंखाच्या खाचेत बसणारा, लाकडाचं कंपन उचलून त्याचा वीजसंकेत करणारा साधा पिएझो, त्याची वायर हॉलवाल्याच्या डीआय बॉक्सला (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) नाहीतर सरळ मिक्सरला.

आता त्रास सांगते. पहिला म्हणजे स्पीकरमधून आवाज नाकात बोलल्यासारखा येतो, बोटाची टकटक जास्त आणि पोट रिकामं. दुसरा, साउंडवाल्याने जरा वाढवलं की साधारण मोकळ्या जी तारेपासून (चार तारा वरून खाली जी, डी, ए, ई) तिच्यावरच्या ए सुरापर्यंत कुठेतरी हूंऽऽ सुरू होतं आणि ते कानाला कळायच्या आधी पोटाला कळतं, कारण वाद्य अंगाला टेकलेलं असतं आणि त्याची पाठ थरथरायला लागते. तिसरा त्रास तारांचा. यांना आस फार आहे, म्हणजे छेडलेला सूर रेंगाळत राहतो. वॉकिंग लाइन (प्रत्येक ठोक्याला एक सूर अशी चाल) वाजवताना आधीचा सूर पुढच्यात सांडतो, त्यात डग्गा घुमला की दोघांचा नुसता गिचका.

तारांबद्दल वाचलंय भरपूर. स्पायरोकोर, हेलिकोर हायब्रिड, ऑब्लिगाटो, एवा पिराझी, आणि जितकं वाचते तितकी गोंधळते. बो (गज) लागतो पण कमी, दोनचार गाण्यांत लांब सूर धरायला. एक चांगला सेट कस्टम ड्यूटी वगैरे धरून वीस हजारांच्या घरात जातो, त्यामुळे या वर्षी एकतर तारा किंवा प्रीॲम्प (पिकअपचा क्षीण सिग्नल सावरणारी डबी), दोन्ही जमणार नाही. आधी काय घेऊ? आणि तारा घेतल्याच तर कुठल्या?

---

मिक्सरमागचा (मुंबई)

ताई, आधी प्रीॲम्प, तारांचं नंतर बघा. मी साउंड करतो, बास वाजवत नाही, पण तुम्ही लिहिलेला पहिला त्रास तारांचा नाहीच आहे.

पिएझो म्हणजे सर्किटच्या हिशोबाने एक छोटा कपॅसिटर. त्याच्यासमोर कमी ओहमचं (कमी रोधाचं) इनपुट आलं की दोघं मिळून फिल्टर तयार होतो आणि खालचा सगळा भाग कापला जातो, उरते ती टकटक आणि नाक. मिक्सरचं लाइन इनपुट साधारण १० किलोओहमचं असतं. हॉलमध्ये ठेवलेला साधा पॅसिव्ह डीआय असेल तर शंभर-दीडशे किलोओहम. पिएझोला कमीत कमी १ मेगाओहम लागतो आणि १० मिळाला तर उत्तम. म्हणजे तुमचा बास मिक्सरपर्यंत पोचायच्या आधीच अर्धा झालेला असतो, मग बिचारा साउंडवाला लो वाढवत बसतो आणि त्यातून दुसरा त्रास सुरू होतो. एल आर बॅग्जचा पॅरा डीआय बघा, इनपुट १० मेगाओहम, फेजचं (सिग्नल उलटा करायचं) बटण आहे, नॉच (एकच अरुंद पट्टी कापणारा फिल्टर) आहे. रेडियलच्या पीझेड-डीआय वर पण १० मेगाओहम निवडता येतो. सेकंडहँड मिळाला तर अजून छान. पिकअप ते प्रीॲम्प वायर छोटी ठेवा, प्रीॲम्प कमरेला नाहीतर स्टँडवर, पुढची लांबी एक्सएलआर केबलने काढा.

आता हूं चं. हाय पास (अगदी खालचा भाग कापणारा फिल्टर) लावायला सांगा, लाजू नका. ई ची मोकळी तार ४१ हर्ट्झची आहे हे खरं, पण डबल बासचं पोट इतक्या खालचा मूळ सूर हवेत फारसा फेकतच नाही, पोटातल्या हवेचा स्वतःचा घुमारा ६० हर्ट्झच्या आसपास असतो. आपला कान वरच्या स्वरांवरून ई ओळखतो. पिकअप मात्र ते ४१ इमानदारीत उचलतो आणि सब वूफर ते दामदुप्पट करून स्टेजखाली ओततो. डिजिटल मिक्सर असेल तर हाय पास ५०-६० ला ठेवून बघा, ॲनालॉग असेल आणि त्यावर ८० चं बटण असेल तर बिनधास्त दाबा, बास मरत नाही, उलट नीट ऐकू यायला लागतो. मग फेजचं बटण दोन्हीकडे करून बघायचं, ज्या बाजूला हूं उशिरा येतं ती बाजू ठेवायची. ते करूनही जी आणि ए च्या मध्ये शिल्लक राहिलं तर नॉच तिथे, साधारण १०० हर्ट्झला. नॉच सगळ्यात शेवटी, कारण त्याने तुमचे दोन सूर पण थोडे खाल्ले जातात.

आणि मॉनिटर (स्टेजवर वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) कुठे असतो तुमचा? समोर असेल आणि बासच्या पोटावर रोखलेला असेल तर काहीही घेतलंत तरी व्यर्थ आहे.

---

धागाकर्ती

मॉनिटर समोरच असतो, तबलजी आणि माझ्यात एकच, आणि त्यात हार्मोनियमपण हवी असते. डीआय कुठला असतो ते बघितलं नव्हतं कधी, पुढच्या हॉलवर बघते. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं दादा, खूप आभार.

माइक लावला तर? डीपीए ४०९९ (वाद्यालाच अडकवायचा छोटा माइक) चं नाव बरेच जण घेतात.

---

मिक्सरमागचा (मुंबई)

आवाज सुंदर येतो त्याचा, वादच नाही. पण शेजारी तबला आहे, डग्गा त्या माइकमध्ये थेट येणार आणि तुमचा चॅनल वाढवला की डग्गाच वाढणार. स्टुडिओत किंवा शांत त्रिकुटात माइक घ्या. तुमच्या ग्रुपला पिकअपच मुख्य. पुढेमागे माइक घेतलातच तर तो फक्त पब्लिकच्या स्पीकरला द्यायचा, मॉनिटरला पिकअपच.

---

तार_सप्तक_नको (मडगाव)

वर दादांनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर, आता तारांचं मी सांगतो. मी हॉटेलात आणि लग्नांत वाजवतो, जॅझ जास्त, बऱ्याच तारा चढवून उतरवून झाल्या आहेत.

स्पायरोकोर म्हणजे थोमास्टिकची, आत दोरीसारखी वळलेली स्टील आणि वरून क्रोम. जॅझवाल्यांत वर्षानुवर्षं चालत आलेली तार. टिकते खूप, आवाज स्पष्ट, पण ताई तुम्हाला जे नकोय तेच तिच्यात सगळ्यात जास्त आहे. आस! मोकळी ए छेडा आणि चहा घेऊन या, वाजतच असते. नवी असताना खणखणते पण फार, आणि बो तिच्यावर खरखरतो. हेलिकोर हायब्रिड दोन्हीकडे चालते, बोटाने आणि बोने, गुळगुळीत आहे, सांभाळून घेणारी. वाईट काहीच नाही पण तुम्ही ज्या 'ठुम' बद्दल लिहिलंय तो त्यात मला तरी मिळाला नाही.

जुन्या रेकॉर्डचा आवाज मुळात गटचा, म्हणजे आतड्याच्या तारेचा. ती तार सूर पटकन सोडते, सुरुवात गोल असते. पण आपल्याकडे खरी गट नको, सांगून ठेवतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिते आणि सुरात राहत नाही, किंमतही बघवत नाही. त्याऐवजी सिंथेटिक गाभ्याची घ्या. पिरास्ट्रोची ऑब्लिगाटो तशी आहे, उबदार, बोवर पण छान. एवा पिराझी त्याच घरची, जरा जास्त जोरकस. डॅडारियोची झायेक्स पण आहे. आणि काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या ला बेलाच्या तारा, जॅझ बासवादक रॉन कार्टर त्याच वापरतात, बोटाला मऊ.

माझं मत विचाराल तर वरच्या दोन, जी आणि डी, ऑब्लिगाटो, आणि खालच्या दोन स्टीलच. खाली स्टील असली की ई चा सूर ढिला पडत नाही, पिकअपला पण नीट कळतो. वॉकिंग बहुतेक वरच्या तीन तारांवरच असतं, तिथे ठुम पाहिजे. पूर्ण सेटचे पैसे पण वाचतात, सुट्या तारा मिळतात.

---

नेकार_काठचा (जर्मनी)

मडगावकरांशी बराचसा सहमत, एका गोष्टीत नाही. मिश्र सेटमध्ये डी वरून ए वर जाताना आवाजाचा पोत बदलतो आणि बोने वाजवताना तर फारच कळतं. मी इथे हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतो म्हणून मला ते खटकतं असेल, पण ताईंना पण लांब सूर धरायचे आहेत, तेव्हा चारही सिंथेटिक घ्याव्या असं माझं म्हणणं.

पण तारांवर एक रुपया खर्च करायच्या आधी दोन गोष्टी करून बघा, फुकटातल्या आहेत. एक, कापडाची पट्टी घ्या, सुती पंचा फाडला तरी चालेल, आणि घोडीच्या अगदी जवळ, फिंगरबोर्डच्या (तारांखालची बोटं दाबायची लांब पट्टी) बाजूला, चारही तारांच्या खालून-वरून ओवा. आस लगेच आखडते. त्या आवाजात एक पूर्ण रिहर्सल करा. ग्रुपमध्ये तो आवाज बसला तर तुम्हाला खरंच कमी आसवाल्या तारा हव्यात, नाही बसला तर पैसे वाचले. दोन, छेडायची जागा आणि बोट. फिंगरबोर्डच्या टोकापासून जरा वर, मानेच्या दिशेला, तर्जनीची पूर्ण कड तारेवर आडवी टाकून ओढा, टोकाने टोचू नका. ठुमचा बराच मोठा भाग बोटाच्या मांसात आहे.

तारेची उंची किती आहे ते पण मोजा. फिंगरबोर्डच्या शेवटाला जी खाली ५-६ मिलिमीटर आणि ई खाली ८-९ च्या आसपास, स्टीलसाठी हे ठीक. फार खाली असेल तर तार फिंगरबोर्डला आपटून टकटक होते आणि पिएझो ती टकटक प्रेमाने उचलतो.

---

तार_सप्तक_नको (मडगाव)

पोत बदलतो, मान्य. पण तबला, ढोलक, ॲकॉर्डियन चालू असताना तो बदल ऐकणाऱ्याला कळत नाही हो, आणि ई मात्र हरवला की सगळ्यांना कळतो. सिंथेटिक ई मला मोठ्या स्टेजवर नेहमी धूसर वाटलाय. असो, ताईंनी दोन्ही ऐकून ठरवावं.

बास ऐकू येण्याची रड जुनीच आहे बरं का. एव्हरेट हल यांनी १९४० च्या दशकात एंडपिनमधून (बास जमिनीवर टेकवायचा तळाचा खुंटा) बासच्या पोटात माइक बसवायची युक्ती काढली ती याचसाठी, आणि त्यातूनच पुढे अँपेग ही ॲम्प्लिफायरची कंपनी उभी राहिली.

---

धागाकर्ती

अपडेट देते. एका मित्राकडून त्याच्या ॲकूस्टिक गिटारचा १० मेगाओहमवाला प्रीॲम्प रिहर्सलला आणला, तोच पिकअप, त्याच तारा, तोच मिक्सर. पहिला सूर वाजवला आणि तबलजींनी मान वर करून बघितलं. पोट परत आलं! इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. मग आमच्या साउंडवाल्याने हाय पास वर घेत घेत ६० ला नेला आणि डग्गा आणि बास पहिल्यांदाच वेगवेगळे ऐकू यायला लागले. फेज उलटा केल्यावर हूं बरंच उशिरा येतंय. मॉनिटर माझ्या उजव्या बाजूला मागे खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवला, आता बासच्या पोटावर येत नाही आणि मला कमी आवाजात पण ऐकू येतं. तबलजींना वेगळा छोटा दिला.

पंचाची पट्टी पण ओवली. गायकांनी न विचारता सांगितलं की आज ताल पकडायला सोपं जातंय. एका संथ गाण्यात मात्र मलाच ती नकोशी झाली, तिथे सूर लवकर मेला आणि गाण्याखालचा आधार गेला, म्हणून आस अगदीच कमी नको हे कळलं. उंची मोजली, जी खाली साडेचार निघाली, चाकं फिरवून साडेपाचला आणली, टकटक निम्मी झाली.

तर ठरलं, आधी स्वतःचा प्रीॲम्प. तारांचे पैसे जमले की मडगावकरांचा मार्ग, जी आणि डी ऑब्लिगाटो, बाकी सध्याच्याच. बोने ए कमीच लागतो मला, तेव्हा पोताचं चालवून घेईन. एकच शंका, सिंथेटिक जाड असतात असं ऐकलंय, नटच्या खाचेत बसतील का, की कारागिराकडे न्यावं लागेल?

---

नेकार_काठचा (जर्मनी)

थोड्या जाड असतात. तार खाचेत खाली टेकली पाहिजे, वर अडकून बसता कामा नये. अडकत असेल तर कारागिराकडून गोल कानशीने खाच रुंद करून घ्या, खोल नाही. स्वतः करू नका, खाच खोल गेली तर नट बदलावा लागतो. खाचेत आणि घोडीच्या माथ्यावर मऊ पेन्सिल घासा, तार सरकायला सोपं जातं.

एका वेळी एकच तार उतरवा. चारही सोडल्या तर आतला साउंडपोस्ट (पोट आणि पाठ यांच्यामध्ये दाबानेच उभी असलेली काठी) पडू शकतो, मग पुण्यात तो उभा करणारा माणूस शोधत फिरावं लागेल. सुरात चढवताना घोडीकडे लक्ष ठेवा, तारेबरोबर तिचा माथा फिंगरबोर्डकडे ओढला जातो. घोडीची टेलपीसकडची (तारांचं खालचं टोक अडकवलेली पट्टी) बाजू पोटाला काटकोनात राहिली पाहिजे. झुकलेली दिसली तर तार जरा सैल करून दोन्ही हातांनी माथा धरून हळू मागे घ्या. सिंथेटिक तार सुरुवातीला ताणत राहते, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवू नका, आठवडाभर आधी चढवा आणि रोज सुरात लावून ठेवा.