सोसायटीत समलिंगी नात्यांवर उघड बोलावे की नाही?

पर्वरीकर:
गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीत, पार्किंग आणि टाकीची गळती संपल्यावर, एका सभासदाने विषय काढला. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे दोघे तरुण ‘नुसते मित्र नव्हेत’, तेव्हा घरमालकाला सांगून त्यांचा करार वाढवू देऊ नये. आम्ही वीसेक जण होतो. कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी बोलणारे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान. सगळे गप्प. मीही गप्प, आणि त्याची मला अजून लाज वाटते. त्या दोघांतला धाकटा दर चवथीला आमची माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळापानांचे छत, बांधायला येतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून वगळले. पण शेजारी काही निकालपत्र वाचून मन बदलत नाहीत. म्हणून दोन-तीन रविवार एकत्र बसावे असे मला वाटते. व्याख्याता नको. ज्याच्या घरात असा मुलगा, भाची, दीर असेल त्याने आपल्या भाषेत सांगावे. ‘समलिंगी’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. घरात बोलायची वेळ आली की शिवीच तेवढी ठाऊक असते.

फोंड्याचा जुना वाचक:
माझा विरोध आहे, आणि तो द्वेषातून नाही. आमच्या वाड्यावर एक गृहस्थ तीस वर्षे आपल्या मित्रासोबत राहिले. जत्रेला दोघे, चवथीच्या जेवणाला दोघे, लग्नाच्या पत्रिकेवर दोघांची नावे. कुणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. बैठक बोलावली की ज्याला आजवर काही मत नव्हते त्यालाही मत द्यावे लागते, आणि चारचौघांत दिलेले मत माणूस सहसा सोडत नाही. शेजाऱ्याच्या संसारावर हात वर करून मोजणी करणार का?

वास्कोची:
काका, त्या दोघांपैकी एक गेला तेव्हा दुसऱ्याचे काय झाले? माझ्या मामाचेही असेच होते. बावीस वर्षे एकत्र. मामा गेला तेव्हा त्याचा जोडीदार अंत्ययात्रेत सगळ्यांत मागे चालत होता आणि तेराव्याच्या आत फ्लॅटची किल्ली मागून घेतली गेली. गोव्यात लग्नाची नोंद झाली आणि वेगळा करार नसला, की मालमत्ता नवराबायकोची निम्मी निम्मी; ही १८६७च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेली रीत. अशा जोडप्यांना ती नोंदच नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. मृत्युपत्र करता आले असते. पण ज्या नात्याचे घरात कुणी नावच घेतले नाही, त्याची तजवीज कर असे मामाला सांगणार कोण? आमच्या घरातले सगळे चांगले होते. सगळे गप्प होते.

म्हापशेकर:
गोवा तसा उदार आहे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २००२ मध्येच आपल्या फ्रेंच जोडीदाराशी फ्रेंच कायद्याखाली नोंदणी केली, कोलवाळला राहिले, २०१४ला पद्मश्री मिळाली. कुणी त्रास दिला?

वास्कोची:
नावाजलेल्या माणसाला मिळालेली वागणूक बंदरावर काम करणाऱ्याच्या मुलाला मिळत नाही. त्याच्यासाठी आईवडील मुलगी बघतात, वर्षाच्या आत लग्न लावतात, आणि मग दोन आयुष्ये नासतात.

मडगावची आजी:
माझी हरकत नातवंडांपुरती आहे. त्यांना काय सांगायचे ते मला कळत नाही. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती बाईंनाही कळत नव्हते. २०२३च्या डिसेंबरात व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला पाद्रींना मुभा दिली, लग्न न मानता, तेव्हा त्या आणि मी पहिल्यांदा यावर बोललो. अंगणात, मासळीची वाट बघताना. बैठकीत मी तोंड उघडले नसते.

फोंड्याचा जुना वाचक:
वास्कोच्या बाये, तुझ्या मामाचे वाचून रात्रभर झोप लागली नाही. आमच्या वाड्यावरच्या त्या मित्राचे पुढे काय झाले ते मी कधी विचारलेच नाही. इतकेच ठाऊक आहे की ते घर आता बंद आहे. तरी बैठकीला माझा विरोध कायम. आजी सांगतात तसे अंगणातले बोलणे मला पटते.

पर्वरीकर:
तुम्हा सर्वांचे वाचून काल तिसऱ्या मजल्यावर गेलो. हे आधीच करायला हवे होते. धाकटा म्हणाला, ‘बैठक नको. तुम्ही घरमालकाशी बोला, आणि कुणी पुन्हा विषय काढला तर या खेपेला गप्प बसू नका.’ दोन्ही कबूल केले. मोठ्याची आई पुढच्या महिन्यात कुडाळहून येणार आहे. गेल्या वर्षी त्याने तिला सांगितले, तेव्हापासून ती फोनवर ‘जेवलास का’ यापलीकडे काही विचारत नाही. माझ्या आईने तिच्यासोबत थोडे बसावे असे त्याला वाटते. आई तयार आहे, पण सुरुवात कुठून करावी हे मला विचारते आहे. ज्यांच्या घरी असे बोलणे झाले आहे त्यांनी कृपया लिहा, पहिले वाक्य काय होते.