वेरिबीच्या नव्या खेळाडूंची यादी कशी वाचावी?

चर्नसाइडचा प्रेक्षक यांचा प्रश्न

नमस्कार. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो आणि २०१८ पासून वेरिबी फुटबॉल क्लबचे घरच्या मैदानावरील सामने सहसा चुकवत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची सर्वोच्च स्पर्धा एएफएल आणि तिच्या खालची व्हिक्टोरियातील फळी व्हीएफएल, हे येथील बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. २०२१ पासून न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमधील संघही व्हीएफएलमध्ये खेळू लागल्यामुळे आता ती केवळ एका राज्याची स्पर्धा राहिलेली नाही.

सप्टेंबरमध्ये मोसम संपला की काही आठवड्यांतच नव्या खेळाडूंची नावे एकेक करून जाहीर होऊ लागतात. त्यांत एखादा एएफएल संघाने यादीतून वगळलेला खेळाडू असतो, एखादा कोट्स टॅलेंट लीग या कुमार खेळाडूंच्या स्पर्धेतून नुकताच बाहेर पडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो, कोणी ग्रामीण लीगमध्ये गोलांचा पाऊस पाडून आलेला असतो, तर कोणी टास्मानियातून किंवा साउथ ऑस्ट्रेलियातून घर सोडून आलेला असतो. मी दरवर्षी ही नावे मनापासून वाचतो, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नावावर आशा ठेवतो आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत माझ्या लक्षात येते की संघाचा भार तिसराच कोणीतरी वाहतो आहे, ज्याचे नाव मी डिसेंबरमध्ये नीट वाचलेही नव्हते.

२०२३ च्या अखेरीस आमच्या शॉन मॅनाला जिलाँग या एएफएल क्लबने निवडले, तेव्हा आमचा संघ आता दोन-तीन वर्षे तरी मागे पडणार असे मला प्रामाणिकपणे वाटले होते. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, वेरिबीने साउथपोर्टला अंतिम सामन्यात हरवून १९९३ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. सर्वोत्तम खेळाडू गेल्यावर संघ जिंकतो, हे कोडे मला आजही पुरते उलगडलेले नाही. नव्या खेळाडूंची यादी पाहताना नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओव्हलकाठी यांचे उत्तर

आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण २०१८ पासून सामने पाहत आहात, म्हणजे क्लबच्या एका मोठ्या वळणापासूनच. २०१७ पर्यंत वेरिबीची नॉर्थ मेलबर्न या एएफएल क्लबशी जोडणी होती आणि नॉर्थच्या यादीतील जे खेळाडू वरच्या सामन्यासाठी निवडले जात नसत, ते वेरिबीकडून खेळत. ती जोडणी संपल्यावर संघातील प्रत्येक जागा क्लबला स्वतःच्या हिमतीवर भरावी लागली. पोर्ट मेलबर्न, विल्यम्सटाउन, कोबर्ग, फ्रँकस्टन यांसारखे स्वतंत्र क्लबही याच परिस्थितीत आहेत. एसेंडन किंवा कॉलिंगवुड या एएफएल क्लबांच्या व्हीएफएलमध्ये खेळणाऱ्या राखीव संघाला वरून तयार, पूर्णवेळ सराव करणारे खेळाडू मिळतात. स्वतंत्र क्लबला मात्र दिवसभर सुतारकाम करून, शाळेत शिकवून किंवा विद्यापीठातील तास संपवून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलांमधून त्याच तोडीचा संघ उभा करावा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, आलेल्यांची यादी वाचण्याआधी गेलेल्यांची यादी करावी. मधल्या फळीतून कोण गेला, मैदानाच्या टोकाला उंच चेंडू झेलणारा कोण गेला, बचावातून चेंडू बाहेर काढताना अचूक किक मारणारा कोण गेला, हे लिहून काढले की नव्या नावांकडे पाहण्याची नजरच बदलते. ज्या जागी आधीच तीन चांगले खेळाडू आहेत, तेथे चौथा प्रसिद्ध खेळाडू आला, तर बातमी मोठी होते, पण संघ तेवढाच राहतो. ज्या जागी खिंडार पडले आहे, तेथे एखादा साधा, अपरिचित, पण त्या कामाला योग्य मुलगा आला, तर संघ बदलतो.

मॅनाच्या बाबतीत तर ही गोष्ट स्पष्टच दिसते. २०२३ च्या अंतिम सामन्यात गोल्ड कोस्ट सन्सकडून हरलेल्या बाजूला असूनही सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म गॉस पदक त्याला मिळाले होते. जिलाँगने त्याला घेतले तेव्हा तो २६ वर्षांचा होता. अशा खेळाडूच्या जागी दुसरा मॅना आणण्याचा हट्ट धरणारा क्लब फसतो, कारण तसा दुसरा असता, तर त्यालाही एएफएलने केव्हाच उचलले असते. त्याचे काम चार-पाच जणांत वाटून द्यावे लागते. २०२४ च्या संघाकडे मी याच दृष्टीने पाहिले आणि त्या संघाचा गोलापर्यंतचा मार्ग एका माणसातून जात नव्हता, हे मला फार भावले.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मोसमापूर्वीच्या एका सराव सामन्यात मी सीमारेषेलगत, मध्यरेषेच्या अगदी समोर उभा होतो. एक नवा रक खेळाडू त्या दिवशी पहिल्यांदा खेळत होता. रक म्हणजे पंच चेंडू वर टाकतो तेव्हा उडी मारून तो आपल्या माणसाकडे टोलवणारा उंच खेळाडू. पहिल्या दोन चतुर्थांशांत त्याने जवळजवळ प्रत्येक उडी जिंकली, शेजारचे लोक त्याची वाहवा करत होते, आणि तरीही चेंडू दर वेळी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जात होता. तो उजव्या खांद्यावरून मागे टोलवत होता आणि आमचा मधल्या फळीतील खेळाडू डावीकडून धाव घेत होता. मध्यंतरानंतर पंचाने पुढचा चेंडू टाकण्यापूर्वी मधल्या फळीतील त्या बुटक्या खेळाडूने रकच्या कोपराला हात लावला आणि दोन बोटांनी गवतावरील एक जागा दाखवली. त्यानंतरचे तीन चेंडू बरोबर त्या जागी पडले. त्या रकचे नाव जाहीर झाले तेव्हा त्याची उंची आणि आधीच्या क्लबमधील पुरस्कार यांचीच चर्चा झाली होती, परंतु तो संघाचा झाला तो त्या दोन बोटांनंतर. म्हणून माझे मत असे की, नव्या खेळाडूचा अंदाज पहिल्या महिन्यात बांधूच नये.

वेरिबीपुरते बोलायचे, तर बाहेरून येऊन येथे घडलेल्या खेळाडूंची परंपरा जुनी आहे. बेन ब्राउन हा टास्मानियातील ग्लेनॉर्कीचा मुलगा २०१३ मध्ये वेरिबीत आला, त्याच वर्षाअखेरीस नॉर्थ मेलबर्नने त्याला निवडले आणि पुढे २०२१ मध्ये तो एएफएल जिंकणाऱ्या मेलबर्नच्या संघात होता. मायकल बार्लो येथूनच रूकी, म्हणजे मुख्य यादीबाहेरचा नवोदित, म्हणून फ्रीमँटल या एएफएल क्लबकडे गेला, २०१० मध्ये पहिल्याच मोसमात त्याने सर्वांचे लक्ष वेधून घेतले आणि पुढे तो वेरिबीचा प्रशिक्षकही झाला. जे गेले त्यांच्याकडे पाहूनच नवे येतात, आणि म्हणून चांगला खेळाडू वर गेला, तर त्यात क्लबचे अपयश आहे असे मी कधीच मानणार नाही.

यारातीर यांचे उत्तर

ओव्हलकाठी यांच्या लिहिण्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण त्यात एक बाजू राहून गेली आहे, आणि ती पालक म्हणून मला अधिक जाणवते.

माझ्या मुलाच्या बरोबरीने स्थानिक क्लबमध्ये खेळलेला एक मुलगा एका एएफएल क्लबच्या राखीव संघाच्या व्हीएफएल यादीत निवडला गेला. घरात पेढे वाटावेत असाच तो दिवस होता. मोसम सुरू झाल्यावर मात्र त्याला समजले की शनिवारी आपण खेळणार की नाही, हे आपल्या खेळापेक्षा वरच्या संघातील दुखापतींवर अधिक अवलंबून आहे. एएफएलच्या यादीतील खेळाडू तंदुरुस्त असले, की राखीव संघातील जागा आधी त्यांना मिळतात आणि उरलेल्या जागांसाठी व्हीएफएल यादीतील सर्वांची चढाओढ होते. गुरुवारी रात्री संघ जाहीर होई, आणि नाव नसले, की तो शनिवारी आपल्या जुन्या स्थानिक क्लबकडून खेळायला जाई. त्याची आई मला म्हणाली होती की, गुरुवारी जेवणाच्या टेबलावर त्याचा फोन उलटा ठेवलेला असतो, आणि तो सुलटा केला की त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला निकाल कळतो.

त्यामुळे नव्या खेळाडूंची यादी वाचताना तो क्लब स्वतंत्र आहे की एएफएलशी जोडलेला आहे, हे पाहणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. स्वतंत्र क्लबमध्ये चांगला खेळाल, तर खेळत राहाल, ही हमी असते. जोडलेल्या क्लबमध्ये ती नसते, पण निवड करणाऱ्यांच्या नजरेसमोर रोज सराव करण्याची संधी मिळते. जाय न्यूकम बॉक्स हिलकडून खेळत असताना २०२१ च्या मोसमाच्या मध्यावर हॉथॉर्न या एएफएल क्लबने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले, आणि बॉक्स हिल हा हॉथॉर्नशीच जोडलेला क्लब आहे, हे लक्षात घ्यावे.

एएफएल क्लबांनी मोसमाच्या मध्यावर नवे खेळाडू घेण्याची ही निवड २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि स्वतंत्र क्लबांची खरी कसोटी तेथे लागते. डिसेंबरमध्ये पारखून आणलेला खेळाडू मे-जूनच्या सुमारास एका संध्याकाळी निघून जातो आणि पुढच्या शनिवारी त्याची जागा हाताशी असलेल्यांतूनच भरावी लागते. अर्थात त्या खेळाडूसाठी हे दार उघडे असणेच योग्य आहे. पर्थच्या साउथ फ्रीमँटलकडून खेळणाऱ्या मार्लियन पिकेटला रिचमंडने २०१९ मध्ये याच मार्गाने घेतले. त्याने रिचमंडच्या व्हीएफएल संघाकडून अंतिम सामन्यात नॉर्म गॉस पदक मिळवले आणि त्यानंतर लगेच एएफएलच्या अंतिम सामन्यातच पदार्पण करून विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात पदार्पण करणारा खेळाडू १९५२ नंतर प्रथमच दिसला होता.

आणखी एक. चांगल्या खेळाडूला स्थानिक किंवा ग्रामीण लीगमधील क्लब कमी सरावात चांगले मानधन देऊ शकतात. ते सोडून जो व्हीएफएलमध्ये येतो, तो काहीतरी मनाशी धरून आलेला असतो. जाहीर झालेल्या चार ओळींच्या माहितीत हे लिहिलेले नसते, पण सकाळी सातला कामावर हजर होऊन संध्याकाळी पुन्हा सरावाला येणाऱ्या मुलाकडे पाहिले की ते कळते.

टॉरेन्सकाठ यांचे उत्तर

मी अॅडलेडला असतो, त्यामुळे माझे अनुभव एसएएनएफएलचे, म्हणजे साउथ ऑस्ट्रेलियाच्या राज्य स्पर्धेचे आहेत. येथे या स्पर्धेला दुसरी फळी म्हटलेले जुन्या लोकांना आवडत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. ही स्पर्धा १८७७ पासून चालत आली आहे, मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचे तिचे मॅगारे पदक १८९८ पासून दिले जाते, आणि नॉर्वुडने २०२२ चा अंतिम सामना नॉर्थ अॅडलेडविरुद्ध एका गुणाने जिंकला तेव्हाचा जल्लोष पाहिलेल्या माणसाला फळीचा क्रमांक आठवत नाही.

येथील फरक असा की, पारंपरिक क्लबांना आपापले भौगोलिक विभाग नेमून दिलेले आहेत आणि त्या विभागातील मुले लहान वयापासून त्याच क्लबच्या छायेत वाढतात. त्यामुळे बाहेरून आणलेले खेळाडू कमी असतात आणि त्यांच्याकडून अपेक्षा अधिक असतात. व्हीएफएलमधील स्वतंत्र क्लबांना दरवर्षी जेवढी जुळवाजुळव करावी लागते, तेवढी येथे करावी लागत नाही.

ओव्हलकाठी यांच्या एका मुद्द्याबद्दल मात्र माझे वेगळे मत आहे. प्रसिद्ध नाव आले, तर बातमी मोठी होते आणि संघ तेवढाच राहतो, हे नेहमी खरे नसते. एएफएलमध्ये चार-पाच वर्षे राहून आलेला खेळाडू स्वतःच्या खेळापेक्षा अधिक काहीतरी घेऊन येतो. सरावापूर्वी अर्धा तास आधी येऊन पायाच्या स्नायूंची काळजी घेणे, स्वतःच्या चुकांची चित्रफीत न लाजता पाहणे, पराभवानंतरच्या सोमवारी तोच क्रम चालू ठेवणे, या सवयी अठरा वर्षांच्या मुलांना व्याख्यानातून लागत नाहीत, शेजारी बसलेल्या माणसाकडून लागतात. त्याचे गोल मोजून त्याची किंमत ठरवली, तर ती चुकेल.

मात्र असा खेळाडू निराश होऊन आला आहे की खेळण्याच्या ओढीने आला आहे, हे ओळखणे क्लबचे काम आहे, आणि भरतीतील सर्वांत कठीण भाग मला तोच वाटतो. वेस्ट अॅडलेडकडून खेळणाऱ्या जॉन नोबलला २०१९ मध्ये कॉलिंगवुडने मोसमाच्या मध्यावर उचलले. खालच्या स्पर्धेत आठवड्यामागून आठवडा सारखाच चांगला खेळत राहणाऱ्यालाच असे दार उघडते, हे येथील तरुण खेळाडू त्याच्या उदाहरणावरून सांगतात.

चर्नसाइडचा प्रेक्षक यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री मी वही घेऊन बसलो आणि आमच्या संघातून गेलेल्यांची नावे त्यांच्या जागांसह लिहून काढली. बचावातील एक जागा आणि रकची जागा अशी दोन खिंडारे स्पष्ट दिसली, आणि ज्या नावावर मी गेले दोन महिने खूष होतो, त्याचा त्या दोन्ही जागांशी काहीही संबंध नाही.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि येथील स्थानिक क्लबकडून खेळतो. तो शेजारी बसून ही चर्चा वाचत होता. मॅनाला जिलाँगने २६ व्या वर्षी घेतले, हे वाक्य त्याने दोनदा वाचले आणि मग काही न बोलता चेंडू घेऊन अंगणात गेला.

यारातीर यांना एक विचारायचे आहे. आपण ज्या मुलाबद्दल लिहिले, तो पुढच्या वर्षी त्याच राखीव संघात राहिला, की एखाद्या स्वतंत्र क्लबकडे गेला? मार्चमधील पहिल्या सराव सामन्याला आम्ही दोघे जाणार आहोत आणि या वेळी गोलामागे न थांबता मध्यरेषेसमोर उभे राहणार आहोत.

यारातीर यांचे उत्तर

तो स्वतंत्र क्लबकडे गेला आणि पहिल्या सामन्यापासून संघात आहे. आता गुरुवारी फोन सुलटाच असतो, असे त्याची आई सांगते.