हार्लेचा फॉब दगा देतोय, सोबतच्या लोखंडी किल्लीने गाडी चालू होते का?

गिरणगावकर

नमस्कार मंडळी. सेकंड हँड हार्ले स्ट्रीट बॉब मोटरसायकल घेतली आहे, २०१९ची. आधीच्या मालकाने एक फॉब (खिशात ठेवायची बिनतारी चावी) आणि एक बारकी लोखंडी किल्ली हातात ठेवली, म्हणाला, "ही स्पेअर, जपून ठेवा."

रविवारी ताम्हिणीत चहाला थांबलो. निघताना रन स्विच दाबला तर मीटरवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय आणि स्टार्टर ढिम्म. फॉब जॅकेटच्या आतल्या खिशात, मोबाईलला चिकटून. काढला, झटकला, फुंकर मारली (का ते विचारू नका). थोड्या वेळाने आपली आपण चालू झाली. लोखंडी किल्ली कुठे घालायची ते शोधलं, तर हँडलच्या मानेपाशी एक भोक सापडलं. तिथे फिरते, पण गाडीला काही फरक पडत नाही. शोरूमला फोन केला तर "नवीन फॉब मागवा, गाडी घेऊन या, मग बघू."

पुढच्या आठवड्यात गणपतीपुळे ठरलंय, येताना आंबा घाट. तिथे फॉबने मान टाकली तर काय करायचं?

रॉयल_सांगली

किल्ली अर्धवट फिरत असेल. डब्ल्यूडी फोर्टीचा (गंज सोडवणारा) स्प्रे मार आणि जोर लावून बघ. माझ्या बुलेटचं असंच झालेलं.

जुना_सॉफ्टेल

सांगलीकर, जोर लावायला सांगू नका हो, किल्ली आत मोडली तर नवीनच दुखणं. ती किल्ली हँडल लॉकची. इंजिनाशी तिचा काडीचाही संबंध नाही. सेकंड हँड हार्ले घेणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला ही 'स्पेअर' म्हणून गळ्यात मारली जाते.

तुमच्या गाडीत इग्निशनला किल्लीच नाही. फॉब जवळ आहे का एवढं गाडी बघते. नसला तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, स्टार्टर तोडून ठेवतो. खरी स्पेअर चावी म्हणजे पाच आकडी पिन. तो इंडिकेटरच्या बटणांनी घालायचा. बुलेटवरून आलेल्यांसाठी सांगतो, हार्लेत डाव्या इंडिकेटरचं बटण डाव्या हाताला, उजव्याचं उजव्या हाताला.

रन टाकायचं आणि दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची, गाडीने लुकलुकून इशारा दिला की सोडायची. समजा पिन ३१४२२. डावं तीनदा, मग उजवं एकदा. डावं एकदा, उजवं एकदा. डावं चारदा, उजवं एकदा. असं पाचही आकडे. आकडा मोजून दाबायचा, म्हणून पिनमध्ये शून्य नसतो. चुकलं तर लगेच पुन्हा खटाखट दाबत बसू नका, दोनेक मिनिटं थांबा, नाहीतर घाटात अलार्म बोंबलेल आणि चहावाला तुम्हालाच चोर समजेल. बटणं किती वेळ धरायची वगैरे बारकावे तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या, मॉडेलनुसार थोडा फरक असतो.

आता मुद्द्याचं. पिन बदलायला जुना पिन माहीत असावा लागत नाही, चालू फॉब जवळ असावा लागतो. फॉब मेल्यावर अक्कल आली तर उपयोग नाही, मग शोरूमच्या कॉम्प्युटरशिवाय गत्यंतर नाही. आज तुमचा फॉब मधूनमधून का होईना, जिवंत आहे. आजच मॅन्युअल उघडा, स्वतःचा पिन टाका आणि पाकिटात कागदावर लिहून ठेवा. मोबाईलमध्ये नको, तोही घाटातच मरतो.

पिनने चालू केलेली गाडी पेट्रोलसाठी बंद केलीत की पुन्हा पिन. म्हणून टाकी भरून घ्या आणि फोटो काढायला थांबायचा मोह आवरा.

म्युनिकचा_मावळा

माझ्याकडे बीएमडब्ल्यूची जीएस आहे, तिथली गंमत वेगळी. स्पेअर किल्लीत सेल नसतोच, नुसती चिप. मागच्या चाकावरच्या कव्हरला टेकवून धरायची, तिथे अँटेना आहे. अँटेनाच्या लहरींवरच ती चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. सेल संपलेली मुख्य किल्लीही तिथे टेकवून चालते. फक्त टेकवायची म्हणजे टेकवायचीच, वीतभर लांबून नाही. ही स्पेअर लोक हौसेने गाडीच्याच पॅनियरमध्ये (बाजूच्या सामानपेटीत) ठेवतात आणि मग पॅनियर उघडायला किल्ली शोधत फिरतात.

जुना_सॉफ्टेल

हार्लेवाल्यांनी दुसरा फॉबही गाडीवर ठेवू नये. फॉब जवळ म्हणजे मालक जवळ असा गाडीचा समज, कोणीही बसेल आणि पळवेल.

पिंपरी_वायरमन

फॉबवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, मोबाईलचा शेजार. हार्लेचं मॅन्युअलच सांगतं की फॉब फोनजवळ किंवा धातूच्या वस्तूंजवळ ठेवू नका. दुसऱ्या खिशात टाका, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. दोन, सेल. फॉबला लागतो सीआर२०३२. घड्याळवाला हाताला येईल तो देतो आणि बऱ्याचदा सीआर२०२५ निघतो. दोन्ही ३ व्होल्टचे, दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर. पण २०३२ची जाडी ३.२ मिलिमीटर, २०२५ची २.५. बसतो व्यवस्थित, पण खड्ड्यात आपटला की पत्र्यापासून सुटतो. मग झटकला की पुन्हा लागतो, तुमच्यासारखाच!

प्रवासात अडलात तर हाच २०३२ कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असतो, बऱ्याच डिजिटल वजनकाट्यांतही असतो. लॉजच्या काउंटरवर गोड बोलून बघा.

गाडीची मोठी बॅटरी उतरली असेल तर मात्र पिन आणि फॉब दोन्ही फोल. मीटर अंधुक दिसतंय का ते आधी बघा.

गिरणगावकर

वायरमन, पायाचं तीर्थ द्या. फॉबच्या फटीत नख घालून उघडला तर आत सीआर२०२५, आणि जाडी भरून काढायला खाली सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी घालून ठेवलेली! आधीच्या मालकाची कारागिरी. नवीन २०३२ टाकलाय. पिन बदलला, मग फॉब बायकोकडे देऊन तिला सोसायटीच्या गेटबाहेर उभं केलं आणि नुसत्या पिनने गाडी चालू करून बघितली. पहिल्या खेपेला चौथा आकडा मोजताना वॉचमनने "साहेब, गाडी विकायची का?" विचारलं आणि सगळं पाण्यात. दुसऱ्या खेपेला धडधडली.

आता हँडल लॉकच्या त्या किल्लीची डुप्लिकेट पुण्यात कोण करून देतो?