आठल्ये मंडळी ग्रुप: दादाचा बिनसिमचा आयफोन

रविवार सकाळ

बापूकाका: शुभ प्रभात. पुण्यात आज चांगलाच गारठा. पर्वती चढून आलो.

सुनीलदादा: (फोटो)

सुनीलदादा: इकडे शनिवारची रात्र. बेसमेंट आवरतोय. खालच्या ड्रॉवरमध्ये हा मिळाला. आयफोन ४. काचेवर एक ओरखडा नाही. दिवाळीला येतोय तेव्हा कुणाला हवा असेल तर आणतो.

बापूकाका: मला. माझा सारखा हँग होतो.

मीनाआत्या: बापूदादा, तुझा फोन हँग होत नाही. तू त्यात गुड मॉर्निंगचे गुलाब कोंबलेत.

ओंकार: दादा, फोनच्या उजव्या कडेचा फोटो टाक जरा.

सुनीलदादा: (फोटो)

ओंकार: सिमची खाच दिसत नाहीये. मागे अगदी खाली बारीक अक्षरांत मॉडेल नंबर असेल बघ.

सुनीलदादा: थांब, चष्मा वर राहिलाय.

सुनीलदादा: ए१३४९

ओंकार: काका, विसरा. व्हेरायझन ह्या अमेरिकन मोबाइल कंपनीवाला आहे. ए१३३२ असता तर सिम तरी घालता आलं असतं.

बापूकाका: तरी म्हणजे? सिम कुठे घालायचं ह्यात?

ओंकार: कुठेच नाही. सीडीएमए फोन आहे. सिमला जागाच दिलेली नाही, सगळी ओळख फोनच्या पोटात.

बापूकाका: अरे म्हणजे आमच्या रिलायन्ससारखा! २००३ ची मान्सून हंगामा योजना. ५०१ रुपये भरले की फोन हातात. त्यालाही सिम नव्हतं. लोक विचारायचे, बापू, सिम कुठंय?

मीनाआत्या: आणि तू तो कमरेला लावून लग्नात पंगतीत वाढत होतास. माहितीये सगळ्यांना.

शुभदावहिनी: काका, हा फोन साधा नाही बरं. ह्या फोनसाठी माझ्या नवऱ्यानं साडेतीन वर्षं वाट बघितलीये. आमच्या लग्नाला एवढी बघितली नव्हती.

ओंकार: काय सांगतेस वहिनी. दादा, साडेतीन वर्षं कशाला? आयफोन तर २००७ लाच आला ना?

सुनीलदादा: आला, पण एटी अँड टी ह्या दुसऱ्या कंपनीवर. म्हणजे जानेवारी २००७ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं दाखवला तेव्हा कंपनीचं नाव सिंग्युलर होतं, २९ जूनला दुकानात आला तोवर पाटी बदलून एटी अँड टी झाली होती. अमेरिकेत आयफोन हवा तर त्यांचंच कनेक्शन, दोन वर्षांचा करार, आणि वर फोनचे पूर्ण पैसे. ८ जीबीचे ५९९ डॉलर. सप्टेंबरमध्ये तोच ३९९ ला केला. आधी घेतलेल्यांनी इतका कल्ला केला की त्यांना १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं. ते बघून मी मनात म्हटलं, बरं झालं थांबलो. तेव्हापासून जो थांबलो तो थांबलोच.

ओंकार: पण तू एटी अँड टी का नाही घेतलंस?

सुनीलदादा: कारण आम्ही सगळे व्हेरायझनवर. मी, शुभदा, तिचा भाऊ, ऑफिसमधले अर्धेअधिक लोक. व्हेरायझन ते व्हेरायझन बोलणं फुकट होतं तेव्हा. मिनिटं मोजून बोलायचे दिवस रे ते. एकट्यानं उठून दुसरीकडे गेलो असतो तर बायकोशी बोलायलाही मिनिटं गेली असती.

शुभदावहिनी: आणि मी किती बोलते ते त्याला माहीत होतं.

बापूकाका: पण मग पोर्ट करायचं ना सगळ्यांनी मिळून. मी नाही का केला.

सुनीलदादा: काका, नंबर नेता येत होता. आमच्याकडे नंबर पोर्टेबिलिटी नोव्हेंबर २००३ पासूनच होती. प्रश्न नंबरचा नव्हताच, फोनचा होता. व्हेरायझनच्या नेटवर्कवर चालेल असा आयफोन बनवलेलाच नव्हता. एटी अँड टी जीएसएम, म्हणजे सिमवालं, व्हेरायझन सीडीएमए. रुळांची रुंदीच वेगळी, डबा ओढून नेऊन उपयोग काय.

ओंकार: इकडे बरोबर उलटं होतं बघ. फोन बहुतेकांचे मोकळे, सिम काढा दुसरं घाला. पण नंबर कंपनीनं धरून ठेवलेला.

बापूकाका: १९०० ला पोर्ट असा मेसेज पाठवायचा. तारीख लक्षात आहे माझ्या. आधी हरियाणात केलं, मग २० जानेवारी २०११ ला सगळीकडे.

सुनीलदादा: थांबा थांबा. २० जानेवारी २०११?

बापूकाका: हो. जिल्हा परिषदेतून रिटायर झालो त्याच महिन्यात. म्हणून पक्कं लक्षात आहे.

सुनीलदादा: आमच्याकडे व्हेरायझननं आयफोन जाहीर केला ११ जानेवारी २०११ ला. नऊ दिवस आधी! म्हणजे तिकडे तुमचा नंबर सुटला आणि इकडे आमचा फोन सुटला, एकाच महिन्यात. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मीनाआत्या: मला यातलं काही कळलं नाही पण दोघं खूश दिसताय. चहा ठेवते.

ओंकार: दादा, त्या अफवा चालायच्या ना तेव्हा? मी नववीत होतो, आमच्या इथल्या सायबर कॅफेत बसून वाचायचो. दर महिन्याला "आता येणार".

सुनीलदादा: अरे विचारू नकोस. माझी सकाळ त्यावर उजाडायची. गंमत म्हणजे व्हेरायझनवाल्यांनीच २००७ च्या जानेवारीत सांगून टाकलं होतं की ॲपल आधी आमच्याकडेही आलं होतं, पण अटी परवडल्या नाहीत. विक्री कोण करणार, गिऱ्हाईक बिघडलेला फोन घेऊन कोणाकडे जाणार, महिन्याच्या बिलात ॲपलचा वाटा किती, असल्या अटी. मग दोन वर्षांनी तेच व्हेरायझन टीव्हीवर नकाशे दाखवायला लागलं. आमचं थ्रीजी बघा, लालभडक, आणि त्यांचं बघा, चार ठिपके. एटी अँड टी कोर्टात गेलं त्यावर, नोव्हेंबर २००९ मध्ये. डिसेंबरात खटला मागे घेतला. त्याच सुमाराला मोटोरोलाचा ड्रॉइड फोन काढला व्हेरायझननं, आणि जाहिरातीत काय, तर आयफोनला काय काय जमत नाही त्याची यादी. मी म्हटलं संपलं. ज्या पोराच्या नावानं एवढी बोटं मोडली, त्याला आता जावई कोण करून घेणार.

ओंकार: तरी करून घेतलाच!

सुनीलदादा: २०१० च्या मार्चमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं छापलं की ॲपल सीडीएमएवाला आयफोन बनवून घेतंय. मी बाकरवडीचा डबा ऑफिसमध्ये वाटला. जूनमध्ये आयफोन ४ आला, परत फक्त एटी अँड टी. डबा वाया. पण त्याच महिन्यात एटी अँड टीनं दोन गोष्टी केल्या. नव्या गिऱ्हाइकांचा अनलिमिटेड डेटा बंद, २५ डॉलरला २ जीबी. आणि स्मार्टफोनचा करार मध्येच मोडला तर दंड १७५ वरून ३२५ डॉलर. मी लगेच शुभदाला म्हटलं, बघ, दारं लावून घेतायत. लोक पळणार हे त्यांना कळलंय.

शुभदावहिनी: हे मला रात्री साडेअकराला झोपेतून उठवून सांगितलं होतं. नोंद असावी.

सुनीलदादा: मधे तो ॲंटेनाचा घोळ झाला. नव्या आयफोनची डावी खालची कड हातानं झाकली की रेंज पडते म्हणून बोंब. जुलैत जॉब्सनं पत्रकार बोलावले आणि रबराचं कव्हर फुकट वाटलं. तिकडे माझा मोटोरोलाचा फ्लिप फोन, बिजागरी इतकी सैल झालेली की उघडल्यावर मान टाकायचा. तो धरूनही मी त्यांच्या कव्हराची काळजी करत होतो.

बापूकाका: लोकसत्तेत आलं होतं का हे?

ओंकार: काका, आलं असेल.

बापूकाका: बरं.

सुनीलदादा: शेवटी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला कार्यक्रम. व्हेरायझनचा लोवेल मॅकॅडम स्टेजवर आला आणि गमतीत म्हणाला की पत्रकारांनी एखादी गोष्ट पुष्कळ दिवस लावून धरली की ती खरी होते. सोबत ॲपलचा टिम कुक. मी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून वाचत होतो, एकटाच हसलो. दोन वर्षांच्या करारावर १६ जीबीचा १९९.९९. अनलिमिटेड डेटा ३० डॉलर. जुन्या गिऱ्हाइकांना ३ फेब्रुवारीला आधी नोंदणी, पहाटे तीनला सुरू.

शुभदावहिनी: हे मी सांगते. रात्री तीनला डोळा उघडला तर हा बिछान्यात नाही. खाली किचनमध्ये दिवा. माझ्या पोटात गोळा. पहाटे तीनला इंडियातून फोन म्हणजे दुसरं काय असणार. जिन्यावरून तशीच धावत गेले, तर हा टोपी घालून लॅपटॉपसमोर, कार्ड नंबर टाकतोय. गणपतीच्या गाडीचं आरक्षण उघडल्यासारखा चेहरा. तिथंच जिन्यावर बसले मी.

मीनाआत्या: अगं बाई. मग?

शुभदावहिनी: मग काय, आले टाकून चहा केला. झालं बुकिंग म्हणाला. आणि त्याच दमात म्हणाला, दुसरा तुझ्यासाठी. त्यामुळे काही बोलता आलं नाही.

सुनीलदादा: नशीब बुकिंग केलं. त्याच दिवशी रात्री आठनंतर नोंदणी बंद झाली, कोटा संपला. दुकानात १० फेब्रुवारीला आला तेव्हा मात्र म्हणावी तशी रांग नव्हती. बहुतेक माझ्यासारखे सगळे पहाटेच उठले असणार.

ओंकार: आणि सीडीएमएवर बोलताना इंटरनेट बंद ना? एटी अँड टीनं त्यावर जाहिराती केल्या होत्या.

सुनीलदादा: हो. बोला तरी नाहीतर नकाशा तरी बघा. माहीत असूनच घेतला. शिवाय व्हेरायझनचं फोरजी डिसेंबरातच चालू झालं होतं आणि हा थ्रीजीच. शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. ऑक्टोबरात आयफोन ४एस आला, दोन्ही नेटवर्कवर चालणारा, सिमची खाच असलेला, आणि तोवर स्प्रिंट कंपनीलाही मिळाला. मी दोन वर्षांच्या करारात आठव्या महिन्यावर. टी-मोबाइल कंपनीला तर २०१३ उजाडलं. तोवर त्यांची गिऱ्हाइकं लॉक तोडून घेतलेले आयफोन कसेबसे चालवत होती.

मीनाआत्या: थांब, हा तोच फोन का? तू डिसेंबरात आला होतास, मुंजीला, आणि सगळ्यांना दाखवत होतास. मी म्हटलं एक फोन लाव रे मंडपवाल्याला, तर म्हणालास लागत नाही.

सुनीलदादा: तोच. रोमिंग घेतलं नव्हतं आणि सिम घालायची सोय नाही. लक्ष्मी रोडवरून १३०० चा नोकिया घेतला, त्यात बापूकाकांच्या नावावरचं सिम. खिशात दोन फोन. एकावर बोलायचं आणि दुसऱ्यावर फोटो दाखवायचे.

बापूकाका: ते सिम अजून चालू आहे. मीच रिचार्ज करतो. म्हटलं पोरगं आलं तर असू दे.

सुनीलदादा: काका!! बारा-तेरा वर्षं?

बापूकाका: पोर्टही केलंय मधे एकदा. नंबर तोच आहे.

ओंकार: काका जिंकले.

सुनीलदादा: (फोटो)

सुनीलदादा: जुनी रुंद केबल पण मिळाली. चार्जला लावला. पंधरा मिनिटं काळा, मग सफरचंद आलं!

ओंकार: वर डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?

सुनीलदादा: सर्चिंग. सर्चिंग. आता नो सर्व्हिस.

ओंकार: व्हेरायझननं २०२२ संपताना सीडीएमए बंदच केलं. आता तिकडेही तो मुका. व्हॉट्सॲप पण घेणार नाही, त्याची सिस्टीम आयओएस सातच्या पुढे जात नाही.

मीनाआत्या: आईला दाखवला फोटो. तिची व्हॉइस नोट टाकते.

मीनाआत्या: (व्हॉइस नोट, ०:१९)

ओंकार: आजी काय म्हणतेय, मागे कुकर वाजतोय.

मीनाआत्या: म्हणते, सुनू, मुंजीत माझा आणि तुझ्या आजोबांचा फोटो ह्याच्यावरच काढलास ना, हातात तो काळा काचेचाच होता. तो आहे का बघ. ते हसले होते त्या दिवशी.

सुनीलदादा: बघतो.

सुनीलदादा: पासकोड आठवत नाहीये. शुभदा, काय ठेवला होता आपण?

शुभदावहिनी: तू ठेवला होतास. ०२०३ टाकून बघ. फेब्रुवारी, तीन तारीख.

सुनीलदादा: उघडला.

सुनीलदादा: ८१२ फोटो आहेत. आजी, थोडा वेळ दे.

बापूकाका: फोटो उतरवून झाले की फोन माझ्याकडे. गजर वाजतो ना ह्यात?

ओंकार: गजर वाजेल काका.

बापूकाका: मग आण. केबलही आण, ती इकडे मिळायची नाही.

शुभदावहिनी: सामान आधीच तेवीस किलोच्या वर गेलंय. खिशात आणेल.

सुनीलदादा: (फोटो)

सुनीलदादा: हा का, आजी? मागे मंडपाची झालर आहे.