कॉलेजात धावलेल्या गोव्याच्या मुली आणि त्यांना धाववणारे सर-मॅडम : तुमचे अनुभव लिहा

भाचीला यंदा कॉलेजच्या अॅथलेटिक्स टीममध्ये घेतलंय. बातमी कळल्याबरोबर घरात प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. शिकवायला सर आहेत की मॅडम? प्रॅक्टिस किती वाजता सुटते? अंधार पडल्यावर आणायला कोण जाणार? आणि आजीचा नेहमीचा, "धावून काय मिळतं गे?" मी पडले पोहणारी. ट्रॅकशी माझा संबंध बांबोळीच्या स्टेडियमवर टाळ्या वाजवण्यापुरता. म्हणून इथे विचारते आहे.

मेडलं आणि टायमिंग लिहा, पण ते दुय्यम. कोणी शिकवलं, कसं शिकवलं, काय आवडलं, काय खटकलं ते जास्त हवंय. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्या माणसाचं किंवा कॉलेजचं नाव मात्र नको.

पर्वरी, २०० मीटर

मीच इथली सगळ्यात म्हातारी असणार, म्हणून आधी लिहून टाकते.

गोवा विद्यापीठ १९८५ सालचं. मी त्याच सुमारास पणजीला कॉलेजात होते. सिंथेटिक ट्रॅक आम्ही फक्त फोटोत बघितलेला. फुटबॉलच्या मैदानावर फक्की मारून रेषा आखायच्या, आणि पोरांची मॅच झाली की त्यातल्या निम्म्या पुसलेल्या. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं होतं. त्यामुळे रस्त्यानं धावताना दिसलेली कुठलीही मुलगी लोकांसाठी 'उषा'. कौतुकानं म्हणणारे थोडे, टर उडवणारे पुष्कळ.

जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला आणि आमची प्रॅक्टिस फेरीबोटीच्या ताब्यात गेली. नदीपलीकडच्या बेतीच्या धक्क्यावर ही भली मोठी रांग. आमच्या मॅडम साडीवर कॅनव्हासचे बूट घालून मैदानात उभ्या असायच्या. त्यांनी सगळा क्रमच फिरवला. पलीकडून येणाऱ्या मुलींनी धक्क्यापासून मैदानापर्यंत जॉग करत यायचं, तोच वॉर्म-अप. आल्या आल्या स्प्रिंट, आणि इतरांच्या आधी सुट्टी. मॅडम मूळच्या खो-खोच्या. स्टार्ट कसा घ्यायचा हे त्यांना फारसं येत नव्हतं, ते आम्ही वर्तमानपत्रातले फोटो बघून शिकलो. पण त्या आमच्या घरी येऊन बाबांना म्हणाल्या, "तुमच्या मुलीला फेरीत चढवते आणि मगच मी घरी जाते." बाबांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

आजच्या मुलींना शिकलेले कोच मिळतात याचा आनंद आहे. तरी फेरीत कोण चढवणार, हा प्रश्न मला अजून पहिला वाटतो.

फोंडा, १०० मीटर हर्डल्स

शाळेत आमच्या गटाला हर्डल, म्हणजे ओलांडायचा अडथळा, ७६.२ सेंटिमीटर उंच होतं. कॉलेजात गेलं की ८३.८. ऐकायला तीन इंच, पण पहिल्यांदा समोर उभी राहिले तेव्हा कंपाउंडची भिंतच वाटली. बाकी काही बदलत नाही. पहिलं हर्डल १३ मीटरवर, मग ८.५ मीटरच्या अंतरानं एकूण दहा. दोन हर्डल्सच्या मध्ये तीन पावलं पडायला हवीत. माझी चार पडायची. चार पडली की दर हर्डलला पाय बदलतो, आणि माझा डावा पाय पुढे जाऊन उडी घ्यायला मुळीच तयार नसे.

सरांनी दोन गोष्टी केल्या. आडवी फळी काढून तिथे पोकळ पाइप नुसता टेकवून ठेवला. पाय लागला तर पाइप खाली पडेल, नडगी फुटणार नाही. मग हर्डल्स इतकी जवळ आणली की तीन पावलं आपोआप पडावीत. तिथून दर आठवड्याला एक बूट लांब. सर स्वतःचा बूट हर्डलच्या पायाशी लावून मोजायचे. मला काही कळू न देता अंतर वाढत गेलं. दिवाळीनंतर एकदा त्यांनी टेप लावून दाखवली : साडेआठ मीटर.

हे सर तासाच्या मानधनावर होते आणि ते मानधन महिनोन्‌महिने रखडायचं, हे आम्हाला फार उशिरा समजलं. पुढच्या वर्षी ते दुसरीकडे गेले. हर्डल्स जिमखान्याच्या खोलीत गंजत पडली, आणि मी ४०० मीटरला लागले. ज्या माणसावर सगळं उभं आहे त्यालाच रोजंदारीवर ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत.

सत्तरी, ५००० मीटर

मला कटू लिहावं लागणार आहे.

आमच्याकडे दर सोमवारी वजन व्हायचं, सगळ्यांसमोर. कोच आकडा मोठ्यानं वाचायचे. वाढलेलं असलं की दोन राउंड जास्त, आणि वर एखादा शेरा. मी रात्रीचा भात सोडला, मग सकाळची भाकरी अर्धी केली. सुरुवातीला वेळ सुधारली, हे सगळ्यात वाईट, कारण कोचना आणि मलाही वाटलं की जमतंय. मग पाळी थांबली. मैत्रिणी म्हणाल्या, बरंच झालं की, कटकट गेली. काही महिन्यांनी नडगीच्या हाडात बारीक भेग निघाली.

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ज्या डॉक्टरबाईंनी तपासलं त्यांनी पायाआधी पाळीचं विचारलं. पुरेसं न खाता शरीर राबवलं की ते आधी पाळी बंद करतं आणि मग हाडांतून वसूल करतं, असं त्यांनी समजावलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर बाईच्या बाबतीत तो अॅनिमिया. माझं बरंच खाली होतं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, हेही तिथेच कळलं. आईनं नाचणीचं तिजन सुरू केलं ते आजतागायत चालू आहे.

तुमच्या भाचीला एवढंच विचारायला सांगा : वजन करतात का, कुणासमोर करतात, आणि पाळी चुकली तर ते सांगण्यासारखं कुणी तिथे आहे का.

म्हापसा, ८०० मीटर

वरचं वाचून वाईट वाटलं. पण कडक कोच म्हणजे वाईट कोच असा सूर लागू नये म्हणून लिहिते. आमचे सर भयंकर कडक. पेडेच्या मैदानावर पाच मिनिटं उशीर झाला की बॅग उचलून घरी. दुसऱ्या राउंडला मी ढिली पडायचे आणि तिथेच त्यांचा आवाज यायचा, "धांव गे बाय, फाटीं पळय नाका!" (मागे बघू नको!) अख्खं मैदान हसायचं. मला राग यायचा आणि रागानं मी धावायचे. त्यांनी वजनावर किंवा दिसण्यावर कधी एक अक्षर काढलं नाही. ओरडायचे ते धावण्यावरून. फरक तिथे आहे.

डिचोली, गोळाफेक आणि थाळीफेक

धाग्याच्या शीर्षकात 'धावलेल्या'. म्हणजे आम्ही फेकणाऱ्या नेहमीप्रमाणे बाहेर! असो.

मुलींचा गोळा ४ किलोचा, थाळी १ किलोची, भाला ६०० ग्रॅमचा. कॉलेजकडे गोळा एकच होता आणि तो शनिवारी-रविवारी सरावासाठी मी घरी न्यायचे. कदंब बसचा कंडक्टर एकदा बॅग बाजूला सरकवायला गेला आणि ती हललीच नाही. "कितें गे हांतूंत?" गोळा काढून दाखवला. पुढचं वर्षभर मला त्या बसमध्ये बसायला जागा मिळाली.

कोचिंग म्हणाल तर शून्य. स्प्रिंटचे सर लांबून "खांदा, खांदा" म्हणायचे. भाल्याची तर फुटबॉलवाल्यांनी बंदीच केली होती, मैदानाला भोकं पडतात म्हणून. त्यांचंही चूक नाही. गोव्यात मैदान मोकळं दिसलं तरी ते फुटबॉलचं असतं. मग मी चक्क ४×१०० रिलेच्या मुलींबरोबर ३० मीटरचे स्प्रिंट आणि उड्या करायला लागले आणि गोळा लांब जायला लागला. ताकद पायात असते हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पेडणे, वडील

मी धावपटू नव्हे, धावणारीचा बाप. एवढंच सांगतो, मुलीच्या कोचला एकदा प्रत्यक्ष भेटा. मी भेटायला गेलो ते जाब विचारायला. परत आलो ते स्टॉपवॉच विकत घेऊनच.

कोच, गेली काही वर्षं कॉलेजच्या मुलींना शिकवतो

आमची बाजूही मांडतो. आमच्यासारख्या ठिकाणी 'कोचिंग स्टाफ' म्हणजे बहुधा कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर आणि जमलं तर बाहेरून येणारा एक जण. स्प्रिंट, लांब पल्ला, उड्या, फेकी, सगळं त्यांनीच बघायचं. मी पतियाळाला डिप्लोमा केला तो स्प्रिंटचा. वरच्या डिचोलीच्या ताईसारख्या मुलीला मी काय देऊ शकतो हे मलाही ठाऊक आहे.

दुसरी अडचण पावसाची. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं आणि जूनमध्येच मैदान जातं. चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, जांभ्याच्या लाल चिखलात रेषा टिकत नाहीत. तेवढे महिने आम्ही कॉरिडॉरमध्ये ड्रिल्स, जिन्यावर पायऱ्या आणि फर्मागुढीच्या चढावर धावणं यांवर काढतो. मग एकदम बांबोळीचा सिंथेटिक ट्रॅक. तो २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषिक देशांच्या) स्पर्धांच्या वेळचा, २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धांतलं अॅथलेटिक्सही तिथेच झालं. मातीत वापरलेल्या स्पाइक्सचे लांब खिळे तिथे चालत नाहीत. सिंथेटिकवर धावण्यासाठी ९ मिलिमीटर ही कमाल मर्यादा. दरवर्षी कुणीतरी स्पर्धेच्या सकाळी खिळे बदलायची चावी शोधत फिरत असते. बॅगेत ठेवा, महाग नाही.

रिलेबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण कमी वेळात सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे. ४×१०० ला बॅटन ३० मीटरच्या पट्ट्यातच हातात पडली पाहिजे. घेणारी मुलगी पट्ट्याच्या सुरुवातीला उभी राहते आणि मागे वीस-बावीस बूट मोजून टेपची खूण लावते. येणारी त्या खुणेवर आली की हिनं सुटायचं, पूर्ण जोरात, मागे न बघता. "हात!" ऐकू आला की हात मागे. नव्या मुली इथेच घाबरतात. बॅटन आली नाही तर, म्हणून अर्ध्या वेगानं सुटतात आणि मागची अंगावर येऊन आदळते. मी पहिला आठवडा बॅटन देतच नाही. फक्त खूण, सुटणं, खूण, सुटणं. चौघींतली एकही फार वेगवान नसताना निव्वळ बदलांच्या जोरावर फायनल गाठलेल्या टीम मी बघितल्यात.

पाळीबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे. मला ते थेट विचारायला जमत नसे आणि मुलींना सांगायला. आता ट्रेनिंगच्या वहीत त्या तारखेवर नुसता टिंब करतात. मी न बोलता त्या दिवशीचं पान वाचतो. ज्यांना जोरात धावायचंय त्या धावतात, बंदी कसलीच नाही.

केपे, पूर्वी लांब उडी, आता कॉलेजच्या टीमबरोबर

सरांच्या वहीतला टिंब आम्हीही उचलतो, पण आमच्याकडे मी आहे म्हणून मुली सरळ सांगतात. प्रत्येक टीमबरोबर एक तरी बाई असावी. ती कोचच असली पाहिजे असं नाही.

आमचे काही नियम आहेत. मसाज किंवा स्ट्रेचिंग बंद खोलीत नाही, उघड्या मैदानावर, आणि हात लावायच्या आधी विचारून. सूचना फक्त ग्रुपवर. एकट्या मुलीला रात्री मेसेज नाही, मग ते सर असोत की मी. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींच्या मुक्कामी बाई सोबत. हे नियम उगाच झालेले नाहीत, एवढंच म्हणते. काही घडलंच तर कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ बाईच असते, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. समितीची नावं नोटीस बोर्डावर असतात. नसली तर लावायला सांगा. मी आमच्याकडे सांगितलं तेव्हा दुसऱ्या दिवशी लागली.

आजीच्या प्रश्नाचं : माझ्याबरोबरच्या मुलींत एक पोलिसात आहे, एक शाळेत पीटी शिकवते, दोघी-तिघी आता काहीच धावत नाहीत आणि मजेत आहेत.

आणि भाचीला आणायला येणार असाल तर अर्धा तास आधी या, प्रॅक्टिस बघा. आम्हाला आवडतं. फक्त स्टार्टच्या बाजूला उभं राहून फोनवर मोठ्यानं बोलू नका, मुलींना क्लॅपर, म्हणजे सुटायच्या इशाऱ्याचा फळ्यांचा ठोका, ऐकू येत नाही.